डबीतला गाडीवान

सन दोन हजार नऊ. मला सहासष्टावं लागलं होतं, आणि गावच्या घाटावर पंच म्हणून बसायला लागल्याला एकोणतीस वर्षं झाली होती. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत, तीही पुरी नाही. पण जुन्नर-आंबेगावच्या शिवेवर कुठंही बैलगाड्याच्या बारीवरून वाद झाला, की माणसं माझ्या तोंडाकडं बघत. हे मी फुशारकीनं लिहीत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच लिहितो.

आमच्याकडं यात्रेला घाटात, म्हणजे चढाच्या मातीच्या वाटेवर, गाडे पळतात ते एकामागून एक. घड्याळ लावून सेकंद मोजतात. ज्याचे सेकंद कमी, तो पुढं. गाड्याच्या पळायच्या पाळीला बारी म्हणतात. सकाळच्या गारव्यात बैल वेगळा पळतो आणि भर उन्हात वेगळा. शंभर गाडे पळून गेले की घाटाची मातीही उखडून निघते. म्हणून आपली बारी कितवी, यावर मालकांचा जीव टांगलेला असतो. त्यासाठी आदल्या दिवशी भैरोबाच्या मंडपात चिठ्ठ्या निघतात. गुरव तांब्याच्या घागरीत हात घालून एकेक चिठ्ठी काढतो, पंच नाव पुकारतो, दुसरा वहीत लिहितो. शेवटची चिठ्ठी निघाली की सगळ्या चिठ्ठ्या धुनीत. मग वही मिटून देवापुढं, वर फूल, आणि आरती. दिवेलागणीला वही उघडून यादी फळ्यावर लागते. चिठ्ठ्या जाळायच्या का, तर मागून कोणी म्हणू नये की चिठ्ठी वेगळी होती आणि वही वेगळी आहे. देवापुढं एकच खरं असावं.

आदल्या वर्षी या वहीनं माझं नाक कापलं. बारा नंबरची ओळ फिसकटलेली निघाली, आणि बारावी बारी आमच्या घरच्या गाड्याची. वर ठेवलेलं फूल ओलं होतं, त्याचं पाणी उतरलं होतं. पण आमच्यातलाच एक पंच, द्राक्षाचा मोठा बागाईतदार, जिभेचा तिखट. त्यानं फळ्यासमोर पन्नास माणसांत विचारलं, “तात्या, ही वळ फुलाच्या पाण्यानं पुसली का बोटाच्या?”

माणसं हसली. अठ्ठावीस वर्षांत माझ्यावर कोणी हसलं नव्हतं. मी तिथंच देवाच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं, “आजपासून यादीला माझा हात लागणार न्हाई. माझा न्हाई, वही लिहिणाऱ्या गुरुजींचा न्हाई, कुणाचाच न्हाई. पुढच्या यात्रेला यादी कम्प्युटरवर.”

कम्प्युटर माझ्याच घरात होता. थोरली सून माहेरी मंचरला कोर्स करून आली होती. मुलगा चाकणला कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. त्यानं तिला जुना कम्प्युटर घेऊन दिला, आणि ती ओसरीवर बसून लोकांचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका टाईप करून देई. मला त्या यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण त्याच्यात फूल ठेवून अक्षर फिसकटत नाही, एवढं कळत होतं.

यंदा गाडे एकशे अडुसष्ट आले. मी अट घातली की चिठ्ठ्या बंद दाराआड निघतील. आत तीन पंच, म्हणजे मी, निवृत्त मास्तर ज्यांना सगळे गुरुजी म्हणत ते, आणि तो बागाईतदार. चौथा गुरव, पाचवी यंत्रावर सून. पंचांशिवाय दुसरा मालक एकही आत नाही. सून म्हणाली, “मामा, एक कागदावर बी लिहून ठेवू का जोडीनं?”

“कशाला? दोन याद्या झाल्या की दोन तोंडं झाली. एकच ठेव.”

“न्हाई, यंत्र हाये म्हणून म्हनलं.”

“यंत्र हाये म्हणूनच आणलंय ना?”

तिनं कागद बाजूला सारला. असं मी तिला बऱ्याचदा गप्प बसवलेलं आहे.

सकाळी आठला सुरू केलं, बाराला एकशे अडुसष्टावी चिठ्ठी निघाली. आमचा गाडा एकशे एक्कावन्नाव्या बारीवर गेला. म्हणजे भर दुपार, उखडलेली माती. बागाईतदाराचा अठरावा. तो मिशीतल्या मिशीत हसला, मी खाली बघून पुढचं नाव पुकारलं. आवाज तसाच ठेवला. मग गुरवानं निघालेल्या चिठ्ठ्यांचं ताट धुनीवर उपडं केलं. कागद सुकले होते, भडका उडाला आणि मिनिटात राख.

आता यादी मिटून देवापुढं ठेवायची. सुनेनं यंत्र बंद करायला घेतलं. पण ते बंद होईना. पडदा निळा, त्यावर एक चाक गरगर फिरतंय आणि खाली इंग्रजीत काही लिहिलेलं. गुरवानं निरांजन पेटवलं. घंटा हातात घेतली.

“मामा, थांबा जरा,” सून म्हणाली. “ते आतलं काहीतरी बसवून घेतंय. आपलं आपण बंद हुईल. तोवर बंद करू नका असं लिहिलंय.”

“किती वेळ?”

“धा मिनटं, पंधरा.”

गुरव थांबायला तयार नव्हता, बाराचा ठोका टळत होता. घंटा सुरू झाली. गुरुजी आणि बागाईतदार देवाकडं तोंड करून टाळ्या वाजवू लागले. आणि त्यांच्या पाठीशी ते यंत्र देवापुढं घूं घूं करत उघडंच. एकोणतीस वर्षांत आरतीच्या वेळी वही कधी उघडी नव्हती. मी वाकलो, पूजेच्या हळदीच्या हातानंच मागची जाड काळी तार धरली आणि उपटली.

घूं घूं थांबलं. पडदा काळा झाला. सुनेनं हात तोंडावर नेला. मी तिच्याकडं न बघता यंत्रावर हळदकुंकू वाहिलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं, कोरडं बघून.

आम्हा दोघांशिवाय ते कोणी पाहिलं नाही.

छापायला वेळ लागणार म्हणून यंदा दिवेलागणीची वाट न बघता तीन वाजता उघडायचं ठरलं होतं. तीनला सुनेनं फूल उचललं, तार जोडली, बटण दाबलं. आधी काळा पडदा. मग पांढरी अक्षरं झरझर वर गेली आणि थांबली. मग पुन्हा काळं. तिनं बंद करून चालू केलं. पुन्हा तसंच. पाच वेळा, सहा वेळा. तिच्या कपाळाला घाम आलेला मी बघत होतो.

“काय झालं गं पोरी?” गुरुजींनी विचारलं.

“चालू व्हायचं ते चालूच हुईना. आत जाऊच दीना.”

“म्हंजी यादी गेली?” बागाईतदार उठून उभा राहिला.

“गेली असं न्हाई. आत असंल. पण...”

“पण काय पण? भाईर दीडशे मालक हायेत. पार मावळातनं बैलं टेंपोत घालून आणल्यात लोकांनी. त्यांना काय सांगू, आत असंल?”

बाहेर खरंच गलका होता. मंडपाच्या दाराच्या फटीतून मी बघितलं, तर पार घाटाच्या तोंडापर्यंत टेंपो लागलेले, बैलांच्या अंगावर झुली, माणसं दाराकडं डोळे लावून. चिठ्ठ्या धुनीत राख झालेल्या. पुन्हा चिठ्ठ्या काढायच्या म्हटल्या तर देवापुढं एकदा निघालेली बारी मोडायची, आणि ज्याचा गाडा मागं जाईल तो म्हणणार की तात्याला पहिली यादी पटली नाही. या आधी एका गावात बारीवरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. शिवाय आमचा गाडा एकशे एक्कावन्नवर होता. दुसऱ्यांदा चिठ्ठी काढून तो चुकून पंचवीसवर आला असता, तर मी पुन्हा त्या घाटावर पाऊल ठेवलं नसतं.

“बाईमाणसाच्या हातात एवढी जोखीम दिली, तवाच मला वाटलं व्हतं,” बागाईतदार म्हणाला. “अर्ज टाईप करनं येगळं आन् हे येगळं. कायतरी भलतंच बटण दाबलं असंल.”

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण पन्नास माणसांत झालेलं ते हसणं आठवलं आणि तोंड मिटलं.

तिनं पदर खोचला, मोबाईल काढला आणि जुन्नरच्या मिस्त्रीला फोन लावला.

हा मिस्त्री पन्नाशीचा, मुसलमान. बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, हा टीव्हीवरून कम्प्युटरवर आला. सुनेचं यंत्र तोच बघायचा. फोनवर त्यानं पाचच प्रश्न विचारले आणि म्हणाला निघतो. साडेचारला त्याची मोटारसायकल दारात. आमच्याकडं त्या दिवशी सहा ते नऊ लोडशेडिंग. म्हणजे हातात दीड तास.

मिस्त्री चपला काढून आत आला, यंत्राला हात न लावता आधी बसून बघितलं. एकदा चालू केलं, एकदा बंद. मग वर बघितलं.

“ताई, हे चालू असताना कोणी बंद केलं का? एकदम? तार ओढून?”

गुरुजी माझ्याकडं नाही, सुनेकडं बघत होते. मी खाली पडलेली फुलं गोळा करू लागलो.

“लाईट गेली असंल, भाऊ,” सून म्हणाली.

मिस्त्रीनं मागं यूपीएसचा डबा बघितला, ज्याच्यामुळं लाईट गेली तरी यंत्र दहा मिनिटं चालतं. मग माझ्याकडं बघितलं. माझ्याच बोटांना हळद लागलेली होती आणि त्या काळ्या तारेलाही. तो “हं” म्हणाला आणि पिशवी उघडली.

पिशवीतून त्यानं हाताच्या पंजाएवढी पत्र्याची डबी काढली. तिला एक आखूड वायर.

“हे काय?” मी विचारलं.

“तात्या, तुमच्या गाडीत माल भरलेला हाये. बैलं धडधाकट, चाकं बी ठीक. पन गाडीवान बेशुद्ध पडलाय. त्याला शुद्धीवर आणायला बसलो तर रात जाईल, आन् मालावर पाय बी पडंल. म्हनून मी माझा गाडीवान आणलाय, या डबीत. हा वायरनं बाहेरूनच तुमच्या गाडीवर बसंल, तुमचीच बैलं हाकंल, तुमचा माल दाखवंल आन् परत डबीत. तुमच्या गाडीवानाला हात बी लावायचा न्हाई.”

एवढं मला लगेच कळलं. आणि कळलं म्हणूनच मी अडलो.

“दुसऱ्याचा गाडीवान आमच्या गाडीवर? मग त्यो माल बदलनार न्हाई कशावरनं?”

“अहो तात्या!” गुरुजी ओरडले. “वेळ काय, तुम्ही विचारताय काय!”

“मी बरोबर विचारतोय गुरुजी. ह्या यादीत एक नाव हाललं तर उद्या घाटात रक्त सांडंल. सांग मिस्त्री.”

मिस्त्री रागावला नाही. “बदलता येतं,” तो म्हणाला. “खोटं का बोलू, तात्या? पन मी त्याचे हात बांधून बसवनार. नुसतं वाचायचं, लिहायचं न्हाई, अशी सोय असती. तुमी तिघं माझ्या खांद्यावरनं बघा. माझा हात कुठं चालला ते दिसंल.”

“मालकांतले बी दोन आत घ्या,” बागाईतदार म्हणाला. “लांबच्या गावचे. तात्यांच्या सोयऱ्यातले नकोत.”

“घ्या,” मी म्हणालो.

एक राजुरीचे आले, एक मावळातले. दोघं हाताची घडी घालून मागं उभे राहिले. मिस्त्रीनं डबीची वायर यंत्राच्या मागं खुपसली, बटण दाबलं आणि एका बोटानं एकच कळ टकटक दाबत राहिला. काळा पडदा. पांढरी अक्षरं. काळा पडदा.

“न्हाई झालं,” मावळातले म्हणाले.

“मशीन जुनं हाये. डबी दिसंना त्याला. सवय न्हाई ना बाहेरच्या गाडीवानाची.” त्यानं वायर मागून काढून पुढं खुपसली. पुन्हा काळं. मग त्यानं आतल्या कुठल्या तरी पानावर जाऊन काही खालीवर सरकवलं, कुठला दरवाजा आधी बघायचा ते यंत्राला सांगितलं म्हणाला. घड्याळात पाच वाजून पाच. बाहेर कुणीतरी दारावर थाप मारली, “ओ पंच, झोपलात का आत?” गुरव दाराला पाठ लावून उभा राहिला.

तिसऱ्यांदा बटण दाबलं. काळं. काळं. आणि मग पडद्यावर एक वेगळाच हिरवा रंग उमटला, जो मी घरी कधी पाहिला नव्हता. डबीवरचा बारका दिवा फडफडायला लागला.

“बसला,” मिस्त्री म्हणाला.

ते हळू चालत होतं. आमचं यंत्र घरी दोन मिनिटांत उघडायचं, हे दहा मिनिटं झाली तरी उघडतंच होतं. मिस्त्री मांडी घालून स्वस्थ बसला. “वायरनं जेवतोय तो, तात्या. चमच्यानं.” कोणी हसलं नाही.

पाच वाजून बावीस मिनिटांनी पडदा थांबला. घर तेच, पण सगळं सामान इकडचं तिकडं मांडलेलं वाटावं तसं. सुनेनं पुढं होऊन बोट दाखवलं, “इथं, भाऊ. यात्रा म्हणून ठेवलंय.” मिस्त्रीनं उघडलं, उघडताना म्हणाला, “बघा, कुलपासकट उघडतोय, लिहिता येनार न्हाई,” आणि पडदा अक्षरांनी भरला.

पण अक्षरं आमची नव्हती. इंग्रजी एबीसीडी, मध्येच आकडे, कंस, उद्गारचिन्हं, पायाला माती लागलेला कावळा कागदावरून चालत गेल्यासारखं. एका ओळीतही नाव नाही, गाव नाही. फक्त डाव्या बाजूला एक, दोन, तीन असे आकडे मराठीत नव्हे, इंग्रजीत.

गुरुजी पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकले.

“सडलं,” बागाईतदार म्हणाला. त्याच्या आवाजातला तिखटपणा गेला होता. “सगळं सडलं आत.”

राजुरीचे मालक मिशीवरून हात फिरवत दाराकडं वळले. ते बाहेर जाऊन काय सांगणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांचा हात धरला. आयुष्यात मी कुणाचा हात असा धरला नव्हता. “पावणं, घटकाभर,” म्हणालो. एवढंच. आणि मिस्त्रीकडं बघितलं, तर त्याचंही तोंड उतरलेलं.

तेवढ्यात सून म्हणाली, “सडलं न्हाई. हे असंच दिसतं.”

“काय?”

“मी लग्नपत्रिका दुसऱ्याच्या दुकानात छापायला नेली की असंच दिसतं, भाऊ. मराठी अक्षराचा फॉण्ट नसला की. तुमच्या डबीतल्याकडं आपला फॉण्ट न्हाई. त्याला मराठी वाचता येत न्हाई.”

मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला. “या अल्ला. मी हिंदीचा ठेवलाय, ह्या मराठीचा न्हाई.”

“आपल्या मशीनमधी हाये ना,” ती म्हणाली. “तुमी आतच हायात. आमच्याच घरातनं घ्या आन् तुमच्या डबीत ठेवा. आमच्यात काही लिहायचं न्हाई, नुसतं उचलायचं.” आणि माझ्याकडं बघून विचारलं, “चालंल ना, मामा?”

सकाळी तिनं कागदाचं विचारलं होतं तेव्हा मी काय बोललो ते तुम्ही वर वाचलंच आहे. आता मी नुसती मान हलवली.

ती सांगत गेली, मिस्त्री उघडत गेला. आमच्या बेशुद्ध गाडीवानाच्या खोलीत एक कपाट, त्यात आणखी एक, त्यात तो फॉण्ट. उचलून डबीत ठेवला. यादी मिटली, पुन्हा उघडली. आधी कावळ्याचे पायच. मग तिनं हात पुढं केला, मिस्त्री सरकला, तिनं वरून काहीतरी निवडलं. आणि पडदा वरपासून खालपर्यंत बदलला. पहिली बारी. मालकाचं नाव, गाव. दुसरी बारी. तिसरी.

गुरुजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. पाच वाजून एकोणचाळीस झाले होते.

छापायचं यंत्र या नव्या गाडीवानाला ओळखेना. मिस्त्री म्हणाला त्यात वेळ घालवू नका, लिहून घ्या. गुरुजींनी कार्डशीट घेतलं. मी देवापुढं म्हणालो होतो की कुणाचा हात लागणार नाही, ते मोडलं म्हणा. सून वाचू लागली, गुरुजी लिहू लागले, आणि बागाईतदार पडद्यावर बोट धरून एकेक ओळ पडताळू लागला. “अठरा,” सून म्हणाली आणि त्याचंच नाव वाचलं. त्यानं सुस्कारा टाकला. मी मनात म्हटलं, तुझं जमलं.

एकशे सव्विसाव्या बारीला लाईट गेली.

पंखे थांबले. यूपीएसचा डबा टीं टीं करायला लागला. “दहा मिनटं,” मिस्त्री म्हणाला. “जनरेटरवर मी डबी लावनार न्हाई, करंट उड्या मारतो त्याचा. ताई, पळवा.” सून पळवू लागली. गुरुजींचं अक्षर कधी नव्हे ते वाकडं झालं. एकशे तीस, एकशे चाळीस. टीं टीं. राजुरीचे मालक ओठांनी आकडे मोजत होते. एकशे अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास.

“एकशे एक्कावन्न,” सून म्हणाली, आणि तिनं आमचंच नाव वाचलं.

मावळातले मालक पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघू लागले. “तात्या, तुमचा गाडा एकशे एक्कावन्नवर?”

“हां.”

“भर उन्हात?”

“देवानं दिली ती बारी.”

“वाचा पोरी वाचा,” बागाईतदार ओरडला, “हितं डबा बोंबलतोय!”

एकशे अडुसष्ट झाल्यावर टीं टीं एकदाच लांब वाजलं आणि पडदा गेला. मिस्त्रीनं डबी काढून पिशवीत टाकली, जशी आली तशी. त्यानं चहा घेतला, कशाचेही पैसे सांगितले नाहीत, म्हणाला मशीन उद्या दुकानी आणा. जाताना माझ्याजवळ थांबला. “तात्या, हात धुवा. हळद लागलीय.” एवढंच बोलला आणि किक मारली.

दिवेलागणीला कार्डशीट लागलं. माणसं बॅटऱ्या धरून आपापली नावं शोधत होती. भांडण नाही, कुरबूर नाही. राजुरीचे आणि मावळातले ठिकठिकाणी सांगत होते की आम्ही डोळ्यांनी बघितलं. पण गर्दीत दुसरंही चाललं होतं, आणि ते मी ऐकलं. “तात्याच्या सुनंनं घोळ घातला व्हता म्हणं. त्यो जुन्नरचा मिस्त्री आला म्हणून निभावलं.” दुसरा म्हणाला, “बाईमाणसाला कशाला बसवायचं त्याच्यावर.” ज्या बाईनं ती अक्षरं वाचती केली, ती माझ्या मागं चार पावलांवर यंत्राचा पडदा काखेत धरून उभी होती.

घरी चालताना मी विचारलं, “लाईट गेली असं का म्हणालीस?”

“मग काय म्हणायचं व्हतं, मामा?”

ती पुढं झाली, घरात शिरून चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बैलांना पाणी दाखवलं, अंघोळ केली, फेटा बांधला आणि सातच्या आत घाटावर गेलो. पहिला गाडा जुंपून तयार होता. दोन्ही बाजूंना माणूस नुसता मुंगीसारखा. रिवाजाप्रमाणं मी नारळ फोडला. मग निशाण माझ्या हातात द्यायला पुकारणारा पुढं आला, तर मी निशाण न घेता त्याचा माईक घेतला. मी माईकवर कधी बोललो नव्हतो. माझाच आवाज डोंगरावर आपटून परत आला.

“काल यादी अडकली व्हती,” मी म्हणालो. “कम्प्युटर बिघडला न्हाई, मी बिघडवला. आरती चालली व्हती, यंत्र बंद हुईना, सून थांबा म्हणत व्हती, आन् मी तार उपटली. तिची चूक न्हाई. यादी वाचती केली ती बी तिनंच. कोण काय बोलत असंल त्यानं आता माझ्या तोंडावर बोलावं.”

मग वरच्या दरडीवरून कोणीतरी ओरडलं, “तात्या, आता माईकची तार उपटू नका म्हंजी झालं!”

सगळा घाट हसला. गेल्या वर्षापेक्षा शंभर पट मोठ्यांदा हसला. बागाईतदार तर मांडीवर थाप मारून. मी हसणं संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो, माईक परत दिला, निशाण हातात घेतलं आणि पहिली बारी सोडली.